पंधरा टक्क्यांचा घोळ: सीडीबीजीच्या पैशाविषयी फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

न्यू जर्सीतील मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा की, अमेरिकेचे केंद्र सरकार ‘कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट’, म्हणजेच सीडीबीजी, या नावाने शहरांना गरिबांसाठी पैसा देते. कोणाला किती द्यायचा हे राजकीय वजनावर ठरते. त्यातले १५ टक्केच गरिबांपर्यंत पोचतात आणि ८५ टक्के पालिकेच्या कचेऱ्यांत व पगारांत जिरतात. नागरिकांना तर कोणी विचारतच नाही. शेवटच्या तक्रारीत तथ्य आहे, म्हणून तिच्याकडे शेवटी वळतो.

वजनाचा आरोप बहुधा आपल्याकडच्या खासदार निधीच्या आठवणीतून आला असावा. खासदार निधीत लोकप्रतिनिधी काम सुचवतो. येथे शहराचा वाटा सूत्राने निघतो. राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी २२ ऑगस्ट १९७४ रोजी सही केलेल्या कायद्याने शहरांच्या पुनर्विकासाच्या अनेक सुट्या योजना मोडून हे एकच अनुदान सुरू केले आणि १९७७ पासून त्याला दोन सूत्रे आहेत. पहिल्यात गरिबीला ५० टक्के, लोकसंख्येला २५ टक्के आणि दाटीवाटीच्या घरांना २५ टक्के भार आहे. दुसऱ्यात १९४० पूर्वी बांधलेल्या घरांना ५० टक्के, गरिबीला ३० टक्के आणि लोकसंख्यावाढ खुंटल्याबद्दल २० टक्के. ज्या सूत्राने रक्कम जास्त निघते, ते त्या शहराला लागू होते. जुनी औद्योगिक शहरे दुसऱ्यावर तरतात ती यामुळेच. राजकारण आहे, पण ते एकूण रकमेत आहे, कारण ती दरवर्षी काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, ठरवते. २०१७ साली ट्रम्प प्रशासनाने पुढच्या वर्षासाठी ही योजनाच बंद करण्याचा प्रस्ताव मांडला होता. काँग्रेसने तो फेटाळला आणि उलट रक्कम वाढवली.

आता मजकुराचा कणा असलेला १५ टक्क्यांचा आकडा. तो खोटा नाही, पण भलत्याच गोष्टीचा आहे. ज्येष्ठांना घरपोच जेवण, शाळा सुटल्यानंतरचे वर्ग, निवाऱ्याचा रोजचा खर्च अशा ‘लोकसेवां’वर, काही जुने अपवाद सोडता, अनुदानाच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करता येत नाही. हा गरिबांचा वाटा नव्हे; एका प्रकारच्या खर्चावरची कमाल मर्यादा आहे. गरिबांसाठीचा नियम वेगळाच आहे आणि तो किमान मर्यादेचा आहे: नियोजन व प्रशासन वगळून उरलेल्या खर्चातील किमान ७० टक्के रकमेचा लाभ कमी व मध्यम उत्पन्नाच्या लोकांना, म्हणजे परिसराच्या मध्यक उत्पन्नाच्या (निम्मी कुटुंबे ज्याहून कमी कमावतात त्या रकमेच्या) ८० टक्क्यांच्या आत कमावणाऱ्यांना, मिळालाच पाहिजे. समजा, एका शहराला १० लाख डॉलर आले. प्रशासनाची कमाल मर्यादा २० टक्के, म्हणजे २ लाख. उरलेल्या ८ लाखांपैकी किमान ५ लाख ६० हजार या लोकांच्या कामी लागले पाहिजेत, मग ते गळके छप्पर बदलण्यासाठी असोत, जुन्या घरातला शिशाचा रंग काढण्यासाठी असोत, की चाकाच्या खुर्चीसाठी पदपथाला उतार करण्यासाठी असोत.

कचेऱ्यांचा मुद्दा एका वाक्यात संपतो: नगरपालिकेची इमारत बांधणे किंवा पालिकेचा नेहमीचा कारभार चालवणे हे खर्च या अनुदानातून करताच येत नाहीत. पगार निघतात, पण योजना राबवणाऱ्यांचे.

खरी मोकळीक आहे ती पुढच्या टप्प्यावर, आणि त्या मजकुरात तिचा उल्लेखही नाही. एखादा रस्ता किंवा बाग ‘परिसराच्या लाभा’चे काम ठरवायचे तर त्या परिसरातले ५१ टक्के रहिवासी कमी व मध्यम उत्पन्नाचे असावे लागतात. परिसराची हद्द कोठून कोठे, हे प्रथम शहरच सुचवते. शिवाय ज्या सुखवस्तू शहरांत ५१ टक्क्यांचे परिसर फारसे नसतात, त्यांना याहून कमी प्रमाणावरही काम करण्याची सवलत आहे. ७० टक्क्यांची अट कागदावर पूर्ण होते आणि पैसा मात्र नकाशाच्या कडेवरच्या बऱ्या वस्तीत जातो, असे यामुळे घडू शकते. पैसा घेताना सरकारला जी हमीपत्रे द्यावी लागतात, त्यांचेही तसेच. न्यूयॉर्कमधील वेस्टचेस्टर काउंटीने घरांबाबतच्या भेदभावाविरुद्ध पावले उचलल्याची खोटी हमी देऊन केंद्राचा पैसा घेतल्याचा दावा झाला आणि २००९ मध्ये ६ कोटी २५ लाख डॉलरची तडजोड करावी लागली.

उरला विचारण्याचा प्रश्न. शहराला वर्षाकाठी किमान दोन जाहीर सुनावण्या घ्याव्या लागतात, वार्षिक आराखडा ३० दिवस लोकांपुढे ठेवावा लागतो आणि आलेल्या सूचनांचा गोषवारा, न स्वीकारलेल्यांची कारणे देऊन, त्याला जोडावा लागतो. म्हणजे विचारतात, पण कसे, ते पाहण्यासारखे असते. मी बसलो होतो ती सुनावणी कामाच्या दिवशी दुपारी दोनला होती. खोलीत कर्मचारी चार, अनुदान मागायला आलेल्या संस्थांचे लोक सहा आणि रहिवासी म्हणून मी एकटा. पदपथाची यादी वाचली गेली, मी एका चौकाबद्दल विचारले, उत्तर मिळाले आणि वीस मिनिटांत सगळे उठले. दोन महिन्यांनी अंतिम आराखडा उघडला, तेव्हा सूचनांच्या पानावर एकच ओळ होती: कोणतीही सूचना प्राप्त झाली नाही.