डिफरन्शिअल वाजतोय? हुज्जत नंतर घाला, आधी आवाज कागदावर आणा

स्पोर्ट्स कार वॉरंटीत असते, डिफरन्शिअल (थोडक्यात डिफ, म्हणजे इंजिनचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणारा गिअरचा संच) वाजत असतो आणि तरी गाडी दुरुस्तीविना घरी परत येते. याचं कारण बहुतेक वेळा डीलरची बदमाशी नसते. रिपेअर ऑर्डरवर, म्हणजे डीलर तक्रार आणि काम नोंदवतो त्या कागदावर, "मागून आवाज येतो" एवढंच लिहिलेलं असतं, टेक्निशियन गाडी एखादा मैल फिरवतो, थंड डिफमधून काही ऐकू येत नाही आणि "तक्रार आढळली नाही" असा शेरा पडतो. माझं ठाम मत आहे की डिफच्या तक्रारीचा निकाल काउंटरवर आवाज चढवून लागत नाही. तो टेस्ट ड्राइव्हमध्ये आणि त्या एका कागदावर लागतो. हे मुख्यतः अमेरिकेत गाडी घेतलेल्या मंडळींसाठी आहे, भारतातल्यांसाठी खाली वेगळं लिहिलंय.

आधी आपल्या गाडीत कुठला डिफ आहे ते नक्की करा, कारण एकाच मॉडेलमध्ये दोन प्रकार असू शकतात. २०१५ ची मस्टँग जीटी घ्या. साध्या जीटीत क्लच प्लेटांचा लिमिटेड स्लिप (एकच चाक मोकळं फिरू न देणारा डिफ) येतो, तर मॅन्युअल गिअरबॉक्सच्या परफॉर्मन्स पॅकमध्ये ३.७३ रेशोचा (चाकाच्या एका फेऱ्यामागे ड्राइव्हशाफ्टचे ३.७३ फेरे) टॉर्सन, म्हणजे हेच काम गिअरांनी करणारा डिफ. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर ॲक्सल कोड असतो, तो डीलरच्या पार्ट्स काउंटरवर ताडून घ्या. क्लच प्लेटांच्या डिफला गिअर तेलात फ्रिक्शन मॉडिफायर (प्लेटांचं घर्षण सौम्य करणारं द्रव्य) लागतो. त्याची बाटली साधारण ४ औंसांची, म्हणजे ११८ मिलीलिटरची येते. काही तेलांत तो आधीच मिसळलेला असतो, म्हणून डब्यावरचं वाचल्याशिवाय वर आणखी ओतू नका. टॉर्सनमध्ये काम गिअर करतात, तिथे ही बाटली लागत नाही. टॉर्सनचं एक चाक पूर्ण हवेत गेलं की दुसऱ्यालाही जोर मिळेनासा होतो. तो कमी पकड असलेल्या चाकाचा टॉर्क ठरावीक पटीने वाढवून दुसऱ्याला देतो, आणि शून्याची कितीही पट शून्यच. हा बिघाड नाही, त्यासाठी डीलरकडे खेप घालू नका.

आता आवाज ओळखणं. इथे घाई करू नका, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

अर्धा तास गाडी चालवून डिफ तापला, पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूच ॲक्सिलरेटर दिला, आणि सीटखालून टकटक करत थरथर आली, तर ती क्लच प्लेटांची आहे. प्लेटा एकमेकींवर सरकण्याऐवजी चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात. सी५ आणि सी६ या पिढ्यांच्या कॉर्व्हेटवाल्यांना ही तक्रार पाठ आहे. उपाय म्हणजे जुनं तेल पूर्ण काढायचं, पुस्तिकेतल्या ग्रेडचं नवीन तेल मॉडिफायरच्या पूर्ण मात्रेसह भरायचं, आणि मग रिकाम्या पार्किंगमध्ये इंग्रजी आठचा आकडा काढत गाडी सावकाश फिरवायची, म्हणजे नवीन तेल प्लेटांच्या मध्ये शिरतं. त्यामुळे डीलर पहिल्यांदा "तेल बदलून बघू" म्हणाला तर ती टाळाटाळ समजू नका. काहीशे मैलांत थरथर परत आली आणि तरी तो डिफ न उघडता पुन्हा तेलच बदलायला निघाला, तर मात्र ठाम नाही म्हणा.

ठरावीक वेगाला येणारी गुणगुण हे वेगळं प्रकरण. ताशी ६० मैलांना गाडी स्थिर ठेवून चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या गिअरमध्ये ऐका. इंजिनचा आवाज बदलेल. गुणगुणीचा सूर तसाच राहिला तर ती गिअरबॉक्सच्या मागून येतेय. मग त्याच वेगाला ॲक्सिलरेटर थोडा दाबा, थोडा सोडा. दाबल्यावर आणि सोडल्यावर आवाज बदलत असेल तर संशय क्राउन-पिनियनच्या (डिफमधल्या मोठ्या आणि छोट्या गिअरच्या) दात्यांवर. भार बदलला तरी घरघर तशीच राहत असेल तर बेअरिंगवर. आणि हलकेच डावी-उजवीकडे लेन बदलताना आवाज वाढत-कमी होत असेल, तर बहुधा व्हील बेअरिंग. डिफचा संबंध नाही.

दात्यांचा आवाज आकड्यांत पकडता येतो, आणि टेक्निशियनला पटवायला याहून चांगला पुरावा नाही. २७ इंच व्यासाचा टायर ताशी ६० मैलांना सेकंदाला साडेबाराच्या आसपास फेरे मारतो. ३.७३ रेशोत क्राउनला ४१ आणि पिनियनला ११ दाते असतील, तर ४१ गुणिले टायरचे फेरे म्हणजे साधारण ५१० हर्ट्झ. फोनवर ध्वनीचा स्पेक्ट्रम दाखवणारं मोफत ॲप लावा, शेजारच्याला फोन मागच्या सीटजवळ धरायला सांगा. ६० ला ५१० जवळ टोक आलं आणि ५० ला तेच टोक ४२५ जवळ उतरलं, तर आवाज दात्यांचाच. टायरचा आवाजही वेगासोबत बदलतो, पण तो दात्यांच्या या हिशेबाशी सहसा जुळत नाही. स्क्रीनचा फोटो तारखेसह ठेवा.

रिव्हर्समधून ड्राइव्हमध्ये टाकताना येणारा एकच धक्का पुष्कळदा डिफच्या आतला नसतोच. माउंटिंगचे बुश किंवा ॲक्सलचे सांधे आधी तपासायला सांगा. गळती असेल तर पुसण्याआधी फोटो काढा. पिनियन सील बदलूनही पुन्हा गळत असेल तर ब्रीदर (डिफमधली हवा बाहेर सोडणारं छिद्र) तपासायला सांगा. तो तुंबला की तापलेल्या डिफमधला दाब नवीन सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो.

डीलरकडे जाताना अपॉइंटमेंट घेतानाच सांगा की टेक्निशियनसोबत गाडीत बसायचं आहे. अर्धा तास चालवून, डिफ तापवूनच पोहोचा, आणि तक्रार अशी लिहायला लावा: "३० मिनिटं चालवल्यावर, ताशी ५५ ते ६५ मैलांना, हलका ॲक्सिलरेटर असताना मागून गुणगुण, चौथ्या ते सहाव्या गिअरमध्ये सारखीच, पेडल सोडलं की थांबते." तारीख आणि ओडोमीटरचा आकडा गाडी देताना आणि घेताना, दोन्ही वेळा कागदावर हवा. काही सापडलं नाही म्हणाले तरी प्रत घेतल्याशिवाय निघू नका, कारण कायद्याच्या हिशेबात तीही एक खेप धरता येते. जाण्याआधी एनएचटीएसए या अमेरिकी सरकारच्या रस्ते-वाहन सुरक्षा संस्थेच्या साइटवर आपलं मॉडेल टाकून कंपनीने डीलरांना पाठवलेली सर्व्हिस बुलेटिन्स शोधा. जुळणारं सापडलं तर त्याचा क्रमांक रिपेअर ऑर्डरवर लिहून घ्या.

"हे नॉर्मल आहे" हे उत्तर आलं तर वाद नको. त्याच मॉडेलची, त्याच ॲक्सल रेशोची दुसरी गाडी लॉटमधून काढून त्याच रस्त्यावर चालवून बघू म्हणा. फरक नसेल तर मान्य करा. फरक असेल तर तो शब्दांत लिहून घ्या आणि मोजमाप मागा: बॅकलॅश (दात्यांमधली मोकळीक) किती आला आणि दात्यांवरचा कॉन्टॅक्ट पॅटर्न कसा आहे, फोटोसकट. बॅकलॅश अनेक गाड्यांत ०.२० ते ०.३० मिलिमीटरच्या आसपास असतो, पण अंतिम आकडा त्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलचाच. पॅटर्नसाठी तीन-चार दात्यांना पिवळी पेस्ट लावून, थोडा भार देत क्राउन फिरवतात. ठसा दात्याच्या मध्यावर उठायला हवा. तळाशी गेला तर पिनियन जास्त आत बसलाय, माथ्याशी आला तर बाहेर राहिलाय.

बिघाड मान्य झाला की जुळवणी तिथेच करणार की पूर्ण असेंब्ली बदलणार, हा प्रश्न येतो. कंपनी पूर्ण असेंब्ली देत असेल तर तीच मागा, असं माझं स्पष्ट मत. क्राउन-पिनियन बसवणं हे रोज करणाऱ्याचं काम आहे, आणि डीलरच्या वर्कशॉपमध्ये ते क्वचितच निघतं. पिनियन नट आवळताना आतली क्रश स्लीव्ह चेपली जाते आणि त्यातून बेअरिंगचा प्रीलोड (त्यावरचा कायमचा ताण) ठरतो. नट जास्त आवळला गेला तर तो सैल करून भागत नाही, स्लीव्ह नवीनच टाकावी लागते. घाईत कुणी नट पाव फेरा मागे घेतला की प्रीलोड जातो, आणि काही महिन्यांत पिनियन बेअरिंग घरघरायला लागतं. साधं पिनियन सील बदलतानाही हेच घडू शकतं. म्हणून सील बदलल्यानंतर नवीन आवाज सुरू झाला, तर आधीच्या रिपेअर ऑर्डरचा उल्लेख करूनच तक्रार लिहा.

फोर्ड, शेव्हर्ले, टोयोटा, सुबारू यांची अमेरिकेतली साधी वॉरंटी ३ वर्षं किंवा ३६,००० मैल आणि पॉवरट्रेनची ५ वर्षं किंवा ६०,००० मैल असते. डिफ पॉवरट्रेनमध्ये येतो. बाहेरून एक्झॉस्ट बसवला म्हणून डिफची वॉरंटी उडत नाही. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार त्या बदलामुळेच बिघाड झाला हे दाखवण्याची जबाबदारी कंपनीवर येते. मात्र ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ शर्यतीच्या पट्ट्यावर) चिकट टायर लावून लाँच, म्हणजे जागेवरून पूर्ण जोरात सुटणं, केले असतील तर नकार रास्त आहे. मागच्या दोन चाकांवर वेगळ्या व्यासाचे टायर असतील तरीही डीलरचा मुद्दा बरोबर, कारण सरळ रस्त्यावरही प्लेटा सतत घासत राहतात. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांत १,२०० मैलांच्या पहिल्या सर्व्हिसला डिफचं तेल बदलायचं असतं. सेकंडहँड घेताना त्याची नोंद आहे का ते आधी बघा.

खेपा वाढत चालल्या तर राज्याचा लेमन लॉ, म्हणजे वारंवार बिघडणाऱ्या नव्या गाडीच्या ग्राहकाला संरक्षण देणारा कायदा, बघा. कॅलिफोर्नियात पहिल्या १८ महिन्यांत किंवा १८,००० मैलांत एकाच दोषासाठी चार प्रयत्न, किंवा एकूण ३० हून जास्त दिवस गाडी वर्कशॉपमध्ये, असं झालं तर कायदा ग्राहकाच्या बाजूने गृहीत धरतो. न्यू जर्सीत मर्यादा २ वर्षं किंवा २४,००० मैल, प्रयत्न तीन, दिवस एकूण २०. पण तिथे कंपनीला शेवटची संधी देणारं पत्र सर्टिफाइड मेलने जावं लागतं. ते डीलरला नाही, उत्पादकाला. इथे चूक झाली तर सगळी मेहनत अडते.

भारतात असा लेमन लॉ नाही, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करा, मग ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार. गाडीसाठी दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोग. आपण राहतो त्या जिल्ह्यातही दाखल करता येते, आणि मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. उत्पादन दोष सिद्ध करायला तज्ज्ञाचा अहवाल नसला की प्रकरणं पडतात, म्हणून जॉब कार्डांसोबत (इथल्या रिपेअर ऑर्डर) पॅटर्नचे फोटो आणि मोजमापं जपून ठेवा.

दुरुस्ती होऊन गाडी हातात आली की पहिल्या दिवशी १५-२० मिनिटं शांतपणे चालवून डिफ पूर्ण थंड होऊ द्या. असं दोन-तीनदा करा. पहिले ५०० मैल जोरदार लाँच नको, जड भार नको. मग तेल बदला, आणि स्वतः बदलणार असाल तर ड्रेन प्लगला हात लावण्याआधी फिलर प्लग सुटतोय का ते बघा. तेल सांडून गेल्यावर फिलर अडकला तर गाडी जागेवरच बसते. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी लोण्यासारखा थर चालेल. बोटाला टोचणारा कण किंवा पापुद्रा निघाला, तर ओडोमीटरसकट फोटो काढून त्याच दिवशी डीलरला ईमेल करा.