पायाखालची पिवळी फरशी
शहराची खरी ओळख स्मारकांपेक्षा पाट्या, तिकीटयंत्रं आणि रस्ता ओलांडायच्या बटणांतून होते, हे डिझायनर म्हणून तुम्ही मांडलेलं अगदी पटलं. त्यात पायाखालच्या पिवळ्या फरशीची, म्हणजे दृष्टिहीनांना पायाने वाट कळावी म्हणून बसवलेल्या उंचवट्यांच्या फरशीची, भर घालावीशी वाटते. जपानच्या सेइइची मियाके यांनी ती १९६५ साली तयार केली आणि १९६७ मध्ये ओकायामात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवली गेली. लांब पट्ट्या म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे सावध, पुढे जिना किंवा फलाटाची कड आहे. बुटाच्या तळव्यातूनही फरक कळतो. मी डोळे मिटून चालून पाहिलंय.

पण नव्या तिकीटयंत्राच्या गुळगुळीत काचेवर बोटाला काहीच सापडत नाही. बटणं होती तेव्हा निदान ५ वर बारीक उंचवटा असायचा, त्यावरून बाकीचे आकडे न बघता लागायचे. एकदा एक दृष्टिहीन बाई अशा काचेवर हात फिरवत उभ्या होत्या, मागे रांग चुळबुळत होती. शेवटी त्यांनी पैसे माझ्या हातात दिले. अनोळखी माणसावर असा भरवसा टाकायची वेळ त्यांच्यावर का यावी? यावर तुम्ही सविस्तर लिहाच, मनापासून विनंती.