पेल्यातला दुधी आणि तंबोऱ्याचा भोपळा

पुण्यातील तळजाईच्या टेकडीवर रोज सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर अलीकडे एक जुनाच संदेश पुन्हा अवतरला. त्याचा आशय असा : तीन हजार वर्षांपूर्वी महर्षी वाग्भटांनी ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथात हृदयविकारावरचा उपाय लिहून ठेवला आहे, रक्तातील आम्लता वाढली की ते आम्ल हृदयाच्या नळ्यांत अडकते आणि त्यालाच डॉक्टर ब्लॉकेज म्हणतात, आम्लावर उतारा क्षाराचा, आणि सर्वांत अधिक क्षारयुक्त वस्तू म्हणजे दुधी भोपळा, म्हणून रोज उपाशीपोटी दोनशे ते तीनशे मिलिग्रॅम दुधीचा कच्चा रस, त्यात तुळशीची सात पाने, पुदिन्याची सात पाने आणि काळे किंवा सैंधव मीठ घालून घ्यावा, दोन-तीन महिन्यांत सर्व ब्लॉकेज निघून जातात, ऑपरेशनचे लाखो रुपये वाचतात, आणि उपाय नैसर्गिक असल्याने अपायाची भीती नाही. या संदेशाखाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली, आणि दुसऱ्या दिवशी टेकडीच्या पायथ्याशी रसाच्या गाडीपुढे गटातील दोघे पेला हातात घेऊन उभे दिसले. त्यांतील एकाची अँजिओप्लास्टी झालेली आहे.

माझे आयुष्य वनस्पतीशास्त्र शिकवण्यात गेले. आयुर्वेदाशी माझे वैर नाही आणि दुध्याशी तर मुळीच नाही; आमच्या घरी त्याची भाजी आठवड्यातून एकदा होतेच. माझा आक्षेप या संदेशातील विधानांना आहे, आणि ती एकेक करूनच तपासली पाहिजेत.

प्रथम वाग्भटांविषयी. अभ्यासक अष्टांगहृदयकार वाग्भटांचा काळ साधारण इसवी सनाचे सातवे शतक मानतात, म्हणजे त्यांना होऊन चौदाशे वर्षांच्या आसपास काळ लोटला आहे. ग्रंथाच्या नावातील ‘हृदय’ या शब्दावरून संदेश लिहिणाऱ्याने हे हृदयरोगाचे पुस्तक असावे असे धरून चाललेले दिसते. प्रत्यक्षात कायचिकित्सा, बालरोग, शल्य, विषचिकित्सा इत्यादी आयुर्वेदाच्या आठ अंगांचे सार, त्यांचा गाभा, या अर्थाने ते नाव आहे. ग्रंथ दुर्मीळही नाही. गणेश कृष्ण गर्दे यांचे ‘सार्थ वाग्भट’ हे मराठी भाषांतर कित्येक पिढ्यांपासून महाराष्ट्रातील घरांत आहे आणि रास्ता पेठेतील टिळक आयुर्वेद महाविद्यालयासारख्या संस्थांत विद्यार्थी मूळ संस्कृत संहिता अभ्यासतात. असे असताना संदेशात ना स्थान (म्हणजे ग्रंथाचा विभाग) दिले आहे, ना अध्याय, ना श्लोक. वाग्भटांचे नाव येथे केवळ वजन वाढवण्यासाठी घेतले आहे. ग्रंथातील ‘अम्ल’ हा सहा रसांपैकी, म्हणजे चवींपैकी, एक आहे, आणि ‘क्षार’ म्हणजे वनस्पती जाळून, तिच्या राखेपासून काढलेला तीक्ष्ण पदार्थ, ज्याचा उपयोग सूत्रस्थानाच्या तिसाव्या अध्यायात दाहकर्माच्या, म्हणजे डाग देण्याच्या, जोडीने सांगितला आहे. त्याचा पेलाभर दुधीच्या रसाशी संबंध जोडणे म्हणजे शब्दसाम्यावरून नाते ठरवणे होय.

आता आम्लतेचा मुद्दा. आम्लता मोजण्याची पीएच ही पट्टी सोरेन्सन या रसायनशास्त्रज्ञाने कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत १९०९ मध्ये मांडली. निरोगी माणसाच्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहतो, म्हणजे रक्त मुळातच किंचित अल्कधर्मी असते. फुप्फुसे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून आणि मूत्रपिंडे जादा आम्ल लघवीवाटे काढून हा तोल क्षणोक्षणी राखतात. आहाराने लघवीचा पीएच बदलतो. रक्ताचा बदलत नाही. तो ज्यांचा खरोखर घसरतो ते रुग्ण अतिदक्षता विभागात असतात, टेकडीवर फिरायला येत नाहीत. शिवाय कोणताही रस रक्तात पोहोचण्यापूर्वी जठरातील तीव्र आम्लातून जातो, हेही संदेश लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलेले दिसत नाही. (दोनशे मिलिग्रॅम रस म्हणजे चार थेंब. तेवढाच घेतला असता तर मला हे लिहावे लागले नसते. पण लोक मिलिग्रॅम वाचतात आणि ग्लास भरतात.)

ब्लॉकेज ‘निघून जाते’ या कल्पनेमागे मोरीच्या तुंबलेल्या नळीचे चित्र आहे : वरून काहीतरी ओतले की गाळ वाहून जाईल. धमनीतील अडथळा हा नळीत अडकलेला गाळ नसतो. अस्तराखाली, धमनीच्या भिंतीतच एलडीएल हे ‘वाईट’ म्हटले जाणारे कोलेस्टेरॉल साचते, ते गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी तेथेच फुगून अडकून पडतात, त्यांच्यावर तंतुमय आवरण चढते आणि पुढे त्यात कॅल्शियमही जमते. ही घडण वर्षानुवर्षांची असते. दुधीच्या अर्काने उंदरांच्या रक्तातील मेद कमी झाल्याचे काही प्रयोग आहेत, पण माणसाच्या धमनीतील अडथळा दोन-तीन महिन्यांत नाहीसा होतो या विधानाला त्यांचा आधार होत नाही. ज्याला निसर्गातील वस्तूनेच कोलेस्टेरॉल कमी करायचे असेल त्याच्यासाठी ईसबगोल आहे; त्यातील विद्राव्य तंतूंमुळे एलडीएल काही टक्क्यांनी उतरते, हे माणसांवरील चाचण्यांत वारंवार दिसले आहे. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या ज्या स्टॅटिन गोळ्यांना संदेश ‘केमिकल’ म्हणून हिणवतो त्या गटातील पहिले द्रव्यही अकिरा एंडो या जपानी शास्त्रज्ञाला १९७० च्या दशकात एका बुरशीतच सापडले होते. तंतूंचा विषय निघालाच आहे तर हेही नोंदवायला हवे की रस गाळून घेतला की दुधीतील तंतू चोथ्याबरोबर कचऱ्यात जातात आणि पेल्यात बहुतांशी पाणीच उरते.

यानंतर येते ते विधान ज्यासाठी हा सारा लेखनप्रपंच केला : नैसर्गिक आहे म्हणून अपाय नाही. महादेवाला वाहिला जाणारा धोत्रा नैसर्गिक आहे. रस्त्याच्या दुभाजकांत फुलणारी कण्हेर नैसर्गिक आहे, आणि तिच्यातील द्रव्ये थेट हृदयाच्या ठोक्यांवर आघात करतात. दुधीचे प्रकरण याहून नाजूक आहे, कारण तो एरवी खरोखरच निरुपद्रवी असतो. दुधी, काकडी, दोडका, पडवळ, कलिंगड ही सारी एकाच कुळातील भावंडे असून त्या कुळात क्युकरबिटासिन नावाची अत्यंत कडू द्रव्ये आढळतात. जनावरांनी आणि किडींनी खाऊ नये म्हणून वनस्पतीने केलेली ही तटबंदी आहे. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या गोड फळांचे बी निवडून लागवडीच्या वाणांतून हा कडवटपणा जवळजवळ घालवला, परंतु तो समूळ गेलेला नाही. पाण्याच्या ताणाने, उष्म्याने किंवा बियाण्यात कडू वाणाचा संकर झाल्याने एखादे फळ पुन्हा विषारी निपजते. येथे एक गैरसमज दूर करतो : शेजारच्या कडू वेलाचे पराग पडले म्हणून त्याच हंगामातील फळ कडू होत नाही, त्या फळाचे बी धरून पुढच्या वर्षी लावले की मग कडवटपणा प्रकटतो. परसात घरचे बी राखून वेल लावणाऱ्यांनी म्हणूनच अधिक जपावे. बाहेरून पाहून, रंगावरून किंवा आकारावरून कडू फळ ओळखता येत नाही.

ज्या भोपळ्यापासून मिरजेचे कारागीर तंबोरे घडवतात आणि जो पंढरपूरच्या परिसरातून तेथे येतो, तोही वनस्पतीशास्त्राच्या दृष्टीने याच जातीचा, लॅजेनेरिया सिसेरारिया. तो कडू असतो. आयुर्वेदाला हा कडू भोपळा ‘इक्ष्वाकु’ या नावाने परिचित होता, आणि चरकसंहितेच्या कल्पस्थानात त्याच्यावर स्वतंत्र अध्याय आहे. कशासाठी? वमनासाठी, म्हणजे वैद्याच्या देखरेखीखाली रुग्णाला उलटी करवण्यासाठी. कडू भोपळ्याने माणूस ओकतो हे प्राचीनांना पक्के ठाऊक होते. त्याच संहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्या अध्यायात म्हटले आहे की, योग्य रीतीने योजलेले तीक्ष्ण विषही उत्तम औषध ठरते आणि चुकीच्या रीतीने योजलेले औषधही तीक्ष्ण विष होते. परंपरेचा आधार घ्यायचाच असेल तर तो येथे घ्यावा.

हे केवळ पोथीतले नाही. २०१० मध्ये दिल्लीत दुधी आणि कारल्याचा एकत्र रस नियमित घेणाऱ्या एका शास्त्रज्ञाचा त्या रसाने मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञ समिती नेमली आणि तिचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. कडू रस प्यायल्यानंतर पोटात तीव्र कळा, उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी आणि रक्तदाब वेगाने खाली जाणे ही लक्षणे दिसतात, असे त्यातून पुढे आले. २०१८ च्या जूनमध्ये पुण्यातच, एरवी निरोगी असलेल्या एका चाळिशीतील महिलेचा दुधीचा रस घेतल्यानंतर मृत्यू झाल्याचे वृत्त आपण सर्वांनी वाचले होते. तेव्हा काही दिवस गाड्यांवरचा दुधी दिसेनासा झाला. नंतर तो परतला, आणि त्याच्यामागून हा संदेशही. शिजवल्याने विष जाते, अशीही एक समजूत आहे. २०१५ मध्ये जर्मनीतील हायडेनहाइम येथे परसातील कडू झुकिनी शिजवून खाल्ल्याने एक वृद्ध गृहस्थ दगावले. झुकिनी याच कुळातील. या विषावर उतारा म्हणता येईल असे औषध नाही, केवळ लक्षणांवर उपचार करता येतात.

मग शतकानुशतके दुधी खाणारे आपले पूर्वज वाचले कसे? जिभेमुळे. भाजीचा पहिला घास कडू लागला की माणूस ताट बाजूला सारतो, त्यामुळे पोटात गेलेच तर चमचाभर जाते. रसासाठी मात्र अर्धा किलोच्या आसपास कच्चा दुधी एका पेल्यात उतरतो आणि तो ‘औषध’ म्हणून, बहुधा नाक दाबून, एका दमात रिचवला जातो. ‘कडू तेवढे गुणकारी’ ही आपली घरोघरची शिकवण येथे घातक ठरते, कारण तिच्यामुळे माणूस जिभेचा इशारा ऐकूनही पेला खाली ठेवत नाही.

याच दृष्टीने संदेशातील तुळस, पुदिना आणि मीठ यांच्याकडे पाहावे, म्हणजे माझी चिंता कळेल. या तिन्हींमुळे रसाची मूळ चव झाकली जाते. कारले, कडुनिंब किंवा गुळवेल घातली तर विचारायलाच नको, कारण मग कडवटपणा कोणाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. दुधीचा रस दुसऱ्या कोणत्याही रसात मिसळू नये, ही समितीची शिफारस याच कारणास्तव आहे. गाडीवर तर चार-पाच दुधी एकत्र पिळले जातात, आणि त्यांतला एक कडू निघाला तरी सगळे भांडे बिघडते. सैंधव मीठ हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असल्यामुळे ज्याला रक्तदाब आहे त्याच्यासाठी रोज सकाळी ते वेगळे घेणे हा उपचार होऊ शकत नाही.

पैशाचा मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. ऑपरेशनच्या खर्चाची धास्ती खरी आहे, आणि असे संदेश पसरण्याचे ते सर्वांत मोठे कारण असावे. परंतु फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने स्टेंटच्या, म्हणजे धमनी उघडी ठेवण्यासाठी अँजिओप्लास्टीत बसवतात त्या जाळीदार नळीच्या, किमतीवर मर्यादा घातली, तेव्हा औषधी लेप असलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली. पूर्वी त्यासाठी लाखाच्या वर मोजावे लागत. राज्याच्या महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतही अँजिओप्लास्टीचा समावेश आहे. उलट, एकदा स्टेंट बसल्यावर रसाच्या भरवशावर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या परस्पर बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन झटका येण्याचा धोका असतो. गाडीपाशी दिसलेल्या त्या गृहस्थांना मी सर्वांत आधी विचारले ते हेच. गोळ्या चालू आहेत, असे ते म्हणाले. पण तिसऱ्या महिन्यात बंद करण्याचा बेत होता.

हे सगळे मी गटावर लिहिल्यानंतर एका भगिनींनी विचारले, “मग आता दुध्याची भाजीसुद्धा करायची नाही का?” अवश्य करावी. चिरण्यापूर्वी देठाकडची एक आणि टोकाकडची एक पातळ चकती कापावी, जिभेच्या टोकाला लावून पाहावी, आणि किंचितही कडू लागली तर थुंकून, चूळ भरून, पूर्ण फळ टाकून द्यावे; वीस रुपये गेले म्हणून हळहळू नये. कोणी कडू रस प्यायलाच असेल आणि मळमळ किंवा कळ सुरू झाली असेल तर लिंबू-सरबत पाजत घरी बसू नये, लगेच रुग्णालय गाठावे आणि काय प्यायले ते डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे. चकती गोड लागली तर मात्र हरभऱ्याची डाळ आधीच भिजत घातलेली असावी, कारण दुध्या शिजायला तिच्याइतका वेळ लागत नाही.