‘चार तुकडे करा आणि रद्दीत द्या’ म्हणणाऱ्या मेसेजचं काय चुकतं

घराची साफसफाई निघाली की फॅमिली ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच: ‘जुनी कागदपत्रं साठवून घर भरू नका. चार तुकडे करा आणि रद्दीत द्या. आधार-पॅन हे नुसते नंबर आहेत, ओटीपीशिवाय कुणी तुमचं काही वाकडं करू शकत नाही. फारच भीती वाटत असेल तर बादलीत भिजवा, नाहीतर जाळा. मूळ कागदही आता लागत नाहीत, सगळं डिजिलॉकरमध्ये आहे. आणि आता तर डेटा संरक्षणाचा कायदाच आलाय.’ खाली जोडलेले हात आणि ‘जनहितार्थ’.

हेतू वाईट नाही. माळ्यावरच्या सुटकेसमध्ये वीस-वीस वर्षांची विजेची बिलं जपणारी माणसं आपल्याकडे भरपूर आहेत, आणि त्या बिलांची खरंच कुणाला गरज नाही. पण टाकायचं काय आणि टाकायचं कसं, हे दोन्ही या मेसेजात उलटंपालटं झालंय. एकेक मुद्दा घेऊ.

‘चार तुकडे पुरे.’

मोजून बघा. ए-फोर पानाचे चार सारखे तुकडे केले तर प्रत्येक तुकडा साधारण १०५ बाय १४८ मिलिमीटरचा होतो. आधार कार्ड ८६ बाय ५४ मिलिमीटरचं. म्हणजे झेरॉक्सवरचं कार्ड नेमकं मध्ये नसेल, तर ते अख्खं एका तुकड्यात सुखरूप राहतं. फाटलं तरी आधारवरच्या क्यूआर कोडमध्ये नाव, पत्ता, जन्मतारीख आणि फोटोसुद्धा भरलेला असतो, आणि थोडंफार नुकसान सोसायची सोय क्यूआर कोडच्या रचनेतच असते. शिवाय चारही तुकडे एकाच पिशवीत, एकाच रद्दीवाल्याकडे जातात. जोडायला कष्ट ते काय पडणार?

हातांनी फाडलेले कागद जोडता येतात याचं मोठं उदाहरण पूर्व जर्मनीचं आहे. १९८९च्या अखेरीस तिथल्या गुप्त पोलिसांनी घाईघाईत फाडलेल्या कागदांची हजारो पोती मागे राहिली. १९९५पासून माणसं बसून ते तुकडे जुळवू लागली आणि दहा लाखांहून अधिक पानं पुन्हा उभी राहिली. तुमच्या बँक स्टेटमेंटसाठी कुणी एवढं करणार नाही, हे मान्य. पण चार तुकड्यांसाठी एवढं करावंही लागत नाही.

कागद कापण्याच्या यंत्रांसाठी डीआयएन ६६३९९ हे जर्मन मानक वापरलं जातं. त्यातली पी-२ पातळी म्हणजे ६ मिलिमीटरपर्यंत रुंदीच्या लांब पट्ट्या, आणि पी-४ म्हणजे १६० चौरस मिलिमीटरपेक्षा मोठा नसलेला तुकडा. हिशोब केला तर पी-४मध्ये एका ए-फोर पानाचे चारशेच्या आसपास तुकडे होतात. घरासाठी तेवढं पुष्कळ झालं. यंत्र घेताना लांब पट्ट्या पाडणारं नको, आडवं-उभं कापणारं घ्या. लांब पट्टीवर अख्खा खातेक्रमांक एका ओळीत वाचता येतो, विशेषतः कागद आडवा घातला तर. यंत्र घ्यायचं नसेल तर कोथिंबीर चिरायची पाच पात्यांची कात्री चालते. आधी उभं कापा, मग त्याच पट्ट्या आडव्या.

आणि सगळं कापत बसू नका. विम्याच्या जाडजूड पुस्तिकेत अटी-शर्तींची पानंच्या पानं असतात, त्यात तुमचं काहीच नसतं. नाव, क्रमांक, सही असलेली दोन-तीन पानं काढून घ्या, बाकी खुशाल रद्दीत द्या. सातबारा तर सरकारच महाभूलेखवर दाखवतं, त्याच्या जुन्या प्रतीची काय गुप्तता राखायची!

‘आधार-पॅन नुसते नंबर आहेत, ओटीपीशिवाय काही होत नाही.’

मेसेजमधलं सर्वांत धोक्याचं वाक्य हेच, कारण ते अर्धं खरं आहे. बँकेतून ऑनलाइन पैसे काढायला सहसा ओटीपी लागतो, हे बरोबर. पण गावोगावी बँक मित्राकडे, म्हणजे बँकेच्या गावातल्या प्रतिनिधीकडे, आधारवर पैसे काढायची जी ‘एईपीएस’ सोय आहे, तिथे ओटीपी नसतो. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा, एवढ्यावर पैसे निघतात. तेलंगण, हरियाणा, कर्नाटक इथल्या पोलिसांकडे अशी प्रकरणं आली, ज्यात नोंदणी झालेल्या दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे उचलून सिलिकॉनवर त्यांची नक्कल केली गेली आणि परस्पर खाती रिकामी झाली. त्या टोळ्यांनी दस्त सरकारी संकेतस्थळांवरून मिळवले होते, कुणाच्या रद्दीतून नव्हे. पण आपल्याकडच्या खरेदीखताची प्रत काढून बघा: फोटो, सही, अंगठा, आणि मागे जोडलेल्या आधार-पॅनच्या प्रती. बँकेचं नाव सोडलं तर लागणारं सगळं एकाच गठ्ठ्यात. गृहकर्जाच्या वेळी काढलेल्या अशा दोन-तीन जादा प्रती बहुतेक घरांत पडून असतात, आणि ‘मूळ प्रत आहे ना’ म्हणून त्याच आधी रद्दीत जातात. त्या कापा. त्याच दिवशी आधारच्या अधिकृत ॲपवर बायोमेट्रिक लॉकही करून टाका, म्हणजे तुमच्या ठशावर व्यवहार होत नाही. फुकट आहे.

पॅनचंही तसंच. पॅन आणि जन्मतारीख दोन्ही हाती असतील तर आयकर खात्याच्या वार्षिक माहिती पत्रकाची (एआयएस) पीडीएफ उघडते, कारण तिचा पासवर्ड त्या दोन गोष्टींचाच बनलेला असतो. ई-आधारच्या फाइलचा पासवर्ड म्हणजे इंग्रजीतल्या नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्माचं वर्ष. फाइल आधी कुणाच्या हाती पडायला हवी हे खरं, पण कुलपाची किल्ली आपण किलोच्या भावाने विकतोय, हेही तितकंच खरं. दुसऱ्याच्या पॅनवर छोटी ऑनलाइन कर्जं काढल्याच्या, भाड्याची खोटी सवलत घेण्यासाठी परक्याचा पॅन घरमालकाचा म्हणून दाखवल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत आल्यात. तिथे ज्याचा पॅन, त्याला ओटीपी येतच नाही. त्याला येते ती नोटीस किंवा वसुलीवाल्याचा फोन.

दूरसंचार नियामकाच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी जुलै २०१८मध्ये स्वतःचा आधार क्रमांक ट्विटरवर टाकून ‘काय नुकसान करता ते करून दाखवा’ असं आव्हान दिलं होतं. मेसेजवाले अजून त्याचा दाखला देतात. पण त्यानंतर काही दिवसांतच आधार देणाऱ्या यूआयडीएआयनेच लोकांना सांगितलं की आपला क्रमांक असा जाहीर करू नका. हा पुढचा भाग मेसेजात नसतो.

एकटा क्रमांक क्वचितच घात करतो. घात होतो तो एका कागदावर चार-पाच गोष्टी एकत्र आल्या की. त्यामुळे कागद हातात घेतल्यावर त्यावर नाव, जन्मतारीख, क्रमांक, सही, ठसा, फोटो यांतलं काय काय आहे ते बघा. तीन गोष्टी दिसल्या तर तो कापायचा. या कसोटीवर लग्नासाठी छापलेले बायोडेटाही येतात बरं का. जन्मतारीख, जन्मवेळ, आईचं माहेरचं आडनाव, वडिलांचा मोबाइल, पगार. मुलीचं लग्न होऊन दहा वर्षं झाली तरी त्याच्या उरलेल्या प्रती कपाटात असतात.

घरात एवढी काळजी घेणारी माणसं झेरॉक्सच्या दुकानात मात्र तिरकी आलेली प्रत तिथल्याच टोपलीत टाकून येतात. ती मागून घ्या.

‘भिजवा नाहीतर जाळा.’

झेरॉक्स आणि लेझर प्रिंटची शाई म्हणजे मुळात प्लास्टिकची भुकटी असते, उष्णतेने कागदावर चिकटवलेली. ती पाण्यात विरघळत नाही. बॉलपेनची शाई तेलकट, तीही टिकते. रात्रभर बादलीत ठेवून सकाळी पिळून टाकलेला कागद वाळला की पुन्हा नीट वाचता येतो. भिजवायचंच तर आधी बारीक तुकडे करा आणि नंतर हाताने मळून पार लगदा करा. लॅमिनेट केलेल्या कागदाला तर पाण्याचा स्पर्शही होत नाही.

जाळण्याबद्दल दोन गोष्टी. गठ्ठा पेटवला की कडा जळतात आणि मधली पानं हवेअभावी तशीच राहतात. जळून काळ्या पडलेल्या पानावरचा मजकूरही न्यायवैद्यक प्रयोगशाळांना अनेकदा वाचता येतो. दुसरं म्हणजे, २०१६च्या घनकचरा नियमांनी उघड्यावर कचरा जाळायला बंदी घातली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने त्यासाठी ५ हजार, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये भरपाई ठरवली. सोसायटीच्या मागच्या अंगणात धूर काढून शेजाऱ्यांशी भांडण ओढवून घ्यायचं ते वेगळंच.

कुरिअरच्या खोक्यांवरची लेबलं मात्र उष्णतेनेच संपतात. बहुतेक लेबलं थर्मल कागदाची असतात, गरम इस्त्री फिरवली की काळी पडतात.

‘मूळ कागद लागत नाहीत.’

डिजिलॉकरमधली कागदपत्रं मुळाइतकीच ग्राह्य आहेत, २०१७पासून नियमच तसा आहे. पण तो लागू होतो संबंधित खात्याने तिथे थेट दिलेल्या कागदाला. तुम्ही मोबाइलवर फोटो काढून चढवलेल्या प्रतीला नाही. आणि खरेदीखत, सोसायटीचं भागपत्र, मृत्युपत्र, विम्याचा जुना बाँड असे कितीतरी कागद तिथे थेट येतच नाहीत.

महाराष्ट्रात तर याहून मोठी गोष्ट आहे. जात पडताळणीला पुरावा लागतो तो जुन्या तारखेआधीचा: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला नातीच्या प्रवेशाला लागतो. २०२३मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती बसली, तेव्हा मोडीतले कागद वाचणाऱ्यांना केवढी मागणी आली होती ते आठवा. पिवळा पडलेला, न वाचता येणारा कागद हाती आला तर तो टाकण्याच्या ढिगात घालू नका. आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना दाखवा.

बाकीच्यांचं थोडक्यात: घर विकलं नसेल तोवर खरेदीचे आणि वाढीव बांधकामाचे कागद ठेवा, विकल्यावर भांडवली नफ्याचा हिशोब त्यांवरच होतो. कर्ज फिटल्याचं ना-हरकत पत्र कायमचं. जुन्या खात्याची कोरी चेकची पानं लगेच नष्ट, आणि खालची क्रमांकांची पट्टी वेगळी कापून.

‘आता कायदा आहे.’

२०२३चा डेटा संरक्षण कायदा डिजिटल माहितीपुरता आहे. कागदावरची माहिती त्यात येते ती पुढे संगणकात भरली गेल्यावरच. तुमच्या रद्दीतल्या कागदाच्या पुड्या बांधल्या गेल्या तर त्या कायद्यात त्याला उत्तर नाही. २०२४च्या जुलैत मुंबईत केईएम रुग्णालयातल्या रुग्णांची नावं दिसणाऱ्या कागदी प्लेट्सचा व्हिडिओ फिरला होता. रुग्णालयाचं म्हणणं होतं की ते सीटी स्कॅनचे रद्दीत दिलेले जुने फोल्डर. एवढ्या मोठ्या संस्थेच्या रद्दीचं हे झालं.

कागद आधीच गेले असतील तर तीन ठिकाणी बघून घ्या. संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते दिसतं, परकं असेल तर तिथूनच कळवता येतं. आयकर पोर्टलवरच्या वार्षिक माहिती पत्रकात अनोळखी भाडं किंवा व्यवहार आहे का ते तपासा. आणि आपल्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चारही क्रेडिट माहिती कंपन्यांकडून वर्षातून प्रत्येकी एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो, तो मागवा. न घेतलेलं कर्ज त्यात दिसलं तर कर्ज देणारी संस्था आणि क्रेडिट माहिती कंपनी, दोन्हींकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत निवारण झालं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पैसेच गेले असतील तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकाला.