निळ्या बाईचं घर

गेल्या महिन्यात एका कार्यक्रमाला गेले होते. बोलता बोलता वक्ते म्हणाले, "महाराष्ट्रातले ज्यू आता इतिहासजमा झाले." सभागृहात कुणालाच काही वाटलं नाही. मला मात्र घरी येईपर्यंत ते वाक्य टोचत राहिलं, म्हणून हे लिहितेय, इथल्याच ज्यू समाजातल्या एका चित्रकार बाईबद्दल.

मी अलिबागची. आमच्याकडे इस्रायल आळी आहे आणि आळीत सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनागृह आहे. शेजारच्या काकू बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या. त्यांच्या दाराच्या चौकटीला मेझुझा, म्हणजे धर्मवचनं लिहिलेली गुंडाळी ठेवलेली लहानशी डबी. आत-बाहेर करताना काकू तिला बोटं लावून ओठांशी नेत. नवस फेडायचा असला की मलिदा व्हायचा: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, बाजूला फळं. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं नाव घेऊन आशीर्वाद म्हटले जायचे आणि मग वाटी आमच्या घरी यायची. काकूंची मराठी माझ्या आजीसारखीच होती. नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटलं, त्यातून वाचलेल्यांचे आपण वंशज, ही गोष्ट त्या अशी सांगायच्या की जणू परवाच घडलीय. पुढे ही माणसं कोकणात तेल गाळू लागली, शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवायची म्हणून शनवार तेली झाली. गावावरून आडनावं पडली: पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे सिओना बेंजामिन. ही चित्रकार मुंबईत वाढलेली, बेने इस्रायल घरातली, जे. जे. स्कूल ऑफ आर्टची विद्यार्थिनी. पुढे अमेरिकेत शिकली आणि न्यू जर्सीत स्थिरावली. जगभर तिची प्रदर्शनं होतात. आपल्याकडे चित्रकलेवर भरभरून बोलणाऱ्यांनाही तिचं नाव सांगावं लागतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तिच्या चित्रांतल्या बायका निळ्या असतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला कृष्ण आठवला, काली आठवली. पण या बायका सारा, हागार, लिलिथ, एस्तेर आहेत, म्हणजे ज्यू धर्मग्रंथांतल्या आणि दंतकथांतल्या. लघुचित्रांची बारीक रेघ, गॉश म्हणजे अपारदर्शक जलरंग, सोन्याचा वर्ख, आणि त्यातच अमेरिकन कॉमिक्सचा भडकपणा. एका चित्रात स्त्रीला अनेक हात आहेत आणि ते हात मेनोरासारखे, म्हणजे ज्यूंच्या सात दिव्यांच्या दीपवृक्षासारखे वर गेलेत. निळा हा आभाळाचा आणि समुद्राचा रंग, तो कुठल्याच एका देशाचा नाही, असं तिने स्वतः सांगितलंय. ती वाढली ज्यू घरात, शिकली कॅथलिक आणि पारशी शाळांत, भोवती हिंदू-मुसलमान शेजार. तिच्या एका मोठ्या चित्रमालिकेचं नावच 'फाइंडिंग होम' आहे, घराचा शोध. मालिकेतल्या चित्रांना क्रमांक आहेत, आणि आकडा वाढतच गेला.

कुणी याला 'पूर्व-पश्चिमेचा सुंदर मिलाफ' म्हटलं की मला राग येतो. मिलाफ म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी कुणीतरी आणून जोडणं. तिला काही जोडावंच लागलेलं नाही. शनिवारच्या विश्रांतीसाठी शुक्रवारी संध्याकाळी लावायचा दिवा आणि शेजारच्या देव्हाऱ्यातली देवी तिने लहानपणापासून पाहिली. वेगळेपण ठरवलं ते बाहेरच्यांनी. इथे विचारायचं, तुम्ही नक्की कुठले? आणि इस्रायलला गेलेल्यांना तिथे विचारलं गेलं, तुम्ही खरे ज्यू का? तिथल्या धर्मपीठाने लग्नाच्या वेळी बेने इस्रायलांच्या वंशाची चौकशी लावली होती. लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा १९६४ साली तिथल्या संसदेला सांगावं लागलं की हे सर्वार्थाने ज्यू आहेत. दोन्हीकडे रंग विचारला गेला की माणूस निळाच होणार, असं मला तिची चित्रं बघताना वाटतं.

सारा आणि हागार एकमेकींना मिठी मारतात, त्या चित्रापाशी मी सगळ्यात जास्त वेळ थांबते. गोष्टीत सारा ही अब्राहमची बायको, हागार तिची दासी आणि अब्राहमच्याच मुलाची आई; साराच्या हट्टापायी हागारला लेकरासकट वाळवंटात घालवून देतात. एकीच्या मुलाकडून ज्यू आपला वंश सांगतात, दुसरीच्या मुलाकडून मुसलमान. ग्रंथात न झालेली गळाभेट सिओनाने कागदावर घडवून आणली. आजच्या दिवसांत हे चित्र बघवत नाही, आणि त्यावरून नजरही हटत नाही.

आणखी एक काम तिने केलं. फुलब्राइट ही अमेरिकी शिष्यवृत्ती घेऊन ती भारतात आली, इथल्या ज्यू माणसांना भेटली, त्यांचे फोटो काढले, बोलणं टिपलं आणि त्यातून व्यक्तिचित्रं केली. इतिहासजमा माणसांची अशी चित्रं होतात का? संख्या घटली हे खरं, बहुतेक घरं इस्रायलला गेली. पण २०१६ साली महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तो जिवंत नागरिकांना दिला. आणि ही चित्रकार जितकी न्यू जर्सीची, तितकीच आपलीही आहे. जे. जे.च्या नामवंतांची यादी सांगताना तिचं नाव घ्या. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्यांनी तिची दोन चित्रं मुलांना दाखवा, एवढंच मागणं आहे.

मागच्या शुक्रवारी अलिबागला गेले तेव्हा काकूंना फोनवर ते अनेक हातांचं चित्र दाखवलं. चष्मा पुसून त्यांनी बराच वेळ पाहिलं. बोटांनी मोठं करून एकेक हात मोजला. "देवी वाटते गं," म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, "नाही, मेनोरा आहे." मग परत मोजायला लागल्या. बाहेर ऊन उतरलं होतं. त्यांनी फोन माझ्या हातात दिला, डोक्यावर पदर घेतला आणि दिव्यात तेल घालायला आत गेल्या.