नाणे वाजवून घेणारी लांडगीण

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाचीने एक पुस्तक माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, ‘‘मामा, यात मारामाऱ्या फारशा नाहीत, नुसते हिशेब आहेत. तुला आवडेल.’’ मुखपृष्ठावर लांडग्याचे कान असलेली मुलगी पाहून मी ते आठवडाभर बाजूला ठेवले होते, हे कबूल करतो. खातेवह्या तपासण्यात हयात गेलेल्या माणसाचे त्या कानांशी काय देणेघेणे, असे मला वाटले होते.

इसुना हासेकुरा यांच्या ‘स्पाइस अँड वुल्फ’ या मालिकेचा तो पहिला खंड होता. जपानमध्ये खिशात मावणाऱ्या, अधूनमधून चित्रे असलेल्या आणि मुख्यतः तरुण वाचकांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्यांना ‘लाइट नॉव्हेल’ म्हणतात. त्यातली ही मालिका २००६ मध्ये सुरू झाली आणि मूळ कथा २०११ मध्ये सतराव्या खंडात संपली. मध्ययुगीन युरोपच्या धर्तीवरच्या एका कल्पित प्रदेशात क्राफ्ट लॉरेन्स नावाचा पंचविशीतला फिरता व्यापारी गाडीत कातडी लादून गावोगाव हिंडतो. पास्लो गावाजवळ त्याच्या गाडीत होलो येऊन बसते. शतकानुशतके त्या गावचा गहू पिकवणारी ही लांडगीण-देवता आता उत्तरेकडच्या आपल्या घरी, योइत्सूला, परत जायला निघालेली असते.

या मालिकेला प्रेमकथा म्हणतात, आणि ती तशी आहेही. परंतु माझ्या मते तिचा जीव व्यवहारात आहे, कारण ही दोन एकटी माणसे (एक माणूस आणि एक देवता, म्हणायला हवे) जे बोलतात ते सगळे घासाघिशीच्या भाषेत बोलतात, आणि समोरच्याला आपली किती गरज आहे हे कळू न देता त्याची गरज ओळखण्याचा हा खेळ बाजारात आणि गाडीवर सारख्याच नियमांनी चालतो.

पहिल्या खंडातला नाण्याचा प्रसंगच पाहा. त्रेन्नी नावाच्या चांदीच्या नाण्यात लवकरच चांदी वाढणार आहे, अशी बातमी एक तरुण व्यापारी लॉरेन्सला विकू पाहतो. लॉरेन्स होलोला घेऊन ओळखीच्या सराफाकडे जातो. होलो नाणी ओंजळीत घेऊन कानाशी खुळखुळवते, तेव्हा सराफ हसतो, कारण आवाजावरून कस ओळखायला उभा जन्म जावा लागतो. होलो तिथे काहीच कळले नसल्याचे दाखवते आणि बाहेर आल्यावर सांगते, की नव्या नाण्यांचा आवाज किंचित बोदा आहे. म्हणजे चांदी वाढत नसून कमी होत आहे. मग किंमत उतरणारे नाणे कोणी विकत का घ्यावे? राजाला हलकी नाणी पाडायची तर आधी जुनी नाणी हवीत. ज्या पेढीने ती आधीच गोळा करून ठेवली, ती राजाकडून त्यांच्या बदल्यात व्यापाराचे खास हक्क मागू शकते. एवढ्या एका विचारावर हासेकुरा यांनी अख्खी कादंबरी पेलली आहे. शेवटी भुयारी गटारातला पाठलाग येतो, पण मला तोच भाग सर्वांत कच्चा वाटला.

हे वाचताना जाणवले, की आपली भाषा या कथेच्या फार जवळची आहे. पेशवाईत निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये चालत, ते बदलून घेताना बट्टा द्यावा लागे आणि नाणी पारखणाऱ्याला पोतदार म्हणत. नावाला बट्टा लागला असे आपण आजही म्हणतो आणि खणखणीत नाण्याची उपमा माणसाला देतो. इंग्रजी अनुवाद वाचतानाही माझ्या मनात हेच शब्द उमटत होते.

आता ॲनिमेविषयी, म्हणजे या कथेवर जपानमध्ये निघालेल्या सचेतन चित्रमालिकांविषयी. पहिली मालिका २००८ मध्ये आली आणि दुसरा भाग २००९ मध्ये. संगीत, वाटेवरचा उजेड, होलोला आमी कोशिमिझू यांनी दिलेला आवाज, सगळे उत्तम आहे. तरीही या चित्रमालिकेने एक बदल केला, तो मला खटकतो. कादंबरीत होलोच्या विरोधात उभा राहतो तो यारेई, पास्लो गावचाच शेतकरी आणि लॉरेन्सचा जुना परिचित. गावात शेतीच्या नव्या पद्धती आल्या आहेत, पीक आता देवतेच्या लहरीवर अवलंबून राहिलेले नाही, म्हणून तिचे जोखड कायमचे उतरवण्याचा हा हिशेब आहे. होलो जमिनीला विसावा मिळावा म्हणून एखादे वर्ष कमी पिकू देत असे आणि गावकरी त्याला तिचा लहरीपणा म्हणत, हे वाचताना खरोखर वाईट वाटते. २००८ च्या ॲनिमेने यारेईच्या जागी क्लोई नावाची तरुणी आणली आणि तिला लॉरेन्सची ओढ लावली. त्यामुळे गावाने हिशेबातून वगळलेल्या देवतेची व्यथा मत्सराच्या गोष्टीखाली दबून गेली. २०२४ मध्ये कथा पुन्हा आरंभापासून मांडणारी पंचवीस भागांची नवी मालिका आली, तिने यारेईला परत आणले. भाचीला जुन्या मालिकेची चित्रे अधिक आवडतात आणि त्या बाबतीत ती बरोबर आहे, पण मी नवीच पाहायला सांगेन.

या मालिकेचा मराठीत अनुवाद करायचा झाला, तर होलोने कसे बोलावे, यावरून आमच्या घरी वाद चालू आहे. जपानीत ती स्वतःला ‘वाच्ची’ म्हणते आणि तिच्या बोलण्यावर एदो काळातील (सतरावे ते एकोणिसावे शतक) गणिकांच्या बोलीची छाया आहे. इंग्रजीत तिला जुन्या वळणाची भाषा दिली आहे. मराठीत लावणीचा बाज कोणालाही चटकन सुचेल, पण तो मला उथळ वाटतो. गव्हाच्या या देवतेने जात्यावरच्या ओवीतल्या बाईसारखे बोलावे आणि लॉरेन्सला ‘अरे पोरा’ म्हणावे, असे माझे मत आहे. भाचीला ते मुळीच पटत नाही. तिच्या मते गाडीभर सफरचंदे दुसऱ्याच्या खात्यावर घेऊन वर त्यालाच गोड बोलून गुंडाळणारी बाई आजीसारखी बोलूच शकत नाही. तिने माझ्या आजीला आंब्याच्या दिवसांत पाहिलेले नाही.