स्वचित्रातला काळोख मनाचाच असतो असे नाही

कृष्णधवल स्वचित्रातील काळवंडलेला चेहरा म्हणजे छायाचित्रकाराच्या मनातील खिन्नता, हे कृष्णधवल स्वचित्रांवरील (स्वतःच काढलेल्या स्वतःच्या छायाचित्रांवरील) तुमच्याकडच्या लेखातील सूत्र मला सरसकट मान्य करता येत नाही. इपोलित बायार या फ्रेंच छायाचित्रकाराने 1840 मध्ये स्वतःला बुडून मेलेल्या माणसाच्या रूपात दाखवले. फ्रेंच सरकारने छायाचित्रणाची दुसरी पद्धत शोधणाऱ्या दागेरची कदर केली आणि आपली उपेक्षा केली, ही त्यामागची तक्रार होती. त्या चित्रात त्याचा चेहरा आणि हात बाकी अंगापेक्षा गडद आहेत, आणि चित्राच्या मागच्या बाजूला लिहिलेल्या मजकुरात ते कुजू लागल्याचे त्याने खवचटपणे लिहूनही ठेवले आहे. पण उन्हाने रापलेली कातडी मुख्यतः निळ्या प्रकाशाला दाद देणाऱ्या त्या काळच्या कागदावर अशीच काळी उतरत असे. आमच्याकडे उन्हाळ्यात कापसाच्या पऱ्हाट्या उपटणारा कोणीही त्या कागदावर खिन्नच ठरला असता.

मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहते. घराच्या छपरीत, लाल फिल्टर लावून मी स्वतःचे कृष्णधवल छायाचित्र काढले, तेव्हा कपाळावरचे कुंकू त्वचेच्या छटेत जवळजवळ विरून गेले. हिरवा फिल्टर लावताच तेच ठसठशीत काळे उमटले. पहिले चित्र पाहून आमच्या गावातली माणसे काय समजतील, हे सांगायला नको. लेखकाने आपल्या विवेचनातील चित्रांखाली निदान फिल्म, फिल्टर आणि प्रकाशाची दिशा यांची नोंद द्यावी, एवढी विनंती आहे.